प्रश्नासाठी दिलेले पैसे

८ एप्रिल २०१० रोजी भारतातला एक मोठा वैद्यकीय अभ्यास मधेच थांबला. गर्भाशयमुखाचा कर्करोग, ज्याला गावाकडे बायका पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर म्हणतात, तो एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. या विषाणूविरुद्धची लस तेव्हा नुकतीच आली होती आणि जगभर तिचे तीन डोस देत. दोनांत भागेल का, हा या अभ्यासाचा प्रश्न होता. देशातली नऊ केंद्रं त्यात सामील होती. पुण्यातलं जहांगीर रुग्णालयाचं संशोधन केंद्र त्यांपैकी एक, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल दुसरं. दहा ते अठरा वर्षांच्या वीस हजार अविवाहित मुलींना लस द्यायची, निम्म्यांना दोन डोस आणि निम्म्यांना तीन, आणि मग वर्षानुवर्षं त्यांची खबर ठेवायची, असा बेत होता.

सप्टेंबर २००९ मध्ये काम सुरू झालं आणि सातच महिन्यांनी सरकारने एचपीव्ही लशीचे सगळे अभ्यास थांबवायला सांगितलं. निमित्त दुसऱ्याच एका प्रकल्पाचं होतं. तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यात लसीकरणाचा वेगळा कार्यक्रम चालू होता. तिथे लस घेतलेल्या सात मुलींचा मृत्यू झाल्याने देशभर खळबळ उडाली. पुढे झालेल्या चौकशीत मृत्यूंशी लशीचा संबंध आढळला नाही. मात्र मुलींची आणि पालकांची संमती ज्या पद्धतीने घेतली गेली, तिच्यावर संसदीय समितीने २०१३ साली कडक ताशेरे ओढले, आणि ते योग्यच होते. गरीब घरातल्या मुलीच्या वतीने वसतिगृहाच्या अधिकाऱ्याने सही करणं म्हणजे संमती नव्हे.

बंदीचा आदेश आला तोवर नऊ केंद्रांत मिळून १७,७२९ मुलींनी किमान एक डोस घेतला होता. त्यांतल्या ४,३४८ जणींचे तीनही डोस झाले होते. ४,९८० जणींना ठरल्याप्रमाणे सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस मिळाले होते. ३,४५२ जणी तीन डोसांच्या वाटेवर दोनांपाशी अडकल्या. आणि ४,९४९ मुलींना फक्त एकच डोस मिळाला. पुढचा डोस द्यायला परवानगी नव्हती. अभ्यासाचा आराखडा मोडला, आता काय करायचं?

संशोधकांनी फाईल बंद केली नाही. लस देता येत नसली तरी मुलींची विचारपूस करता येत होती, आणि त्यांनी ती चालू ठेवली. इथपासून पुढे मला या कामाचं खरं नवल वाटतं. कारण लशीचा परिणाम कळण्यासाठी या मुली मोठ्या होण्याची वाट पाहणं भाग होतं. हा विषाणू लैंगिक संबंधातून पसरतो, म्हणून मुलीचं लग्न झाल्यावर अठरा महिन्यांनी किंवा पहिल्या बाळंतपणानंतर सहा महिन्यांनी गर्भाशयमुखाच्या पेशींचा नमुना घ्यायचा, असं ठरलेलं होतं. आता आपल्याकडच्या मुलीचं आयुष्य डोळ्यांसमोर आणा. बारा वर्षांची असताना तिने लस घेतली. मग शाळा संपली, घर बदललं, फोन नंबर बदलला, लग्न झालं, आडनाव बदललं, ती सासरी गेली. तिला शोधून काढायचं, सासूला कळेल अशा भाषेत सगळं समजावून सांगायचं, दवाखान्यापर्यंत आणायचं, नमुना घ्यायचा, आणि पुढच्या वर्षी पुन्हा हेच करायचं. हजारो मुलींच्या बाबतीत, दहा वर्षं.

२०२१ साली 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी' या नियतकालिकात दहा वर्षांचा हिशेब छापून आला. एचपीव्हीचे १६ आणि १८ हे दोन प्रकार सर्वांत घातक. गर्भाशयमुखाच्या सुमारे ७० टक्के कर्करोगांना ते जबाबदार असतात. या दोन प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून तीन डोसांनी ९३.३ टक्के संरक्षण दिलं होतं, दोन डोसांनी ९३.१ टक्के आणि एका डोसाने ९५.४ टक्के. म्हणजे फरक नाहीच म्हणायचा. हे गट नियोजनाने पडले नव्हते, परिस्थितीने पडले होते, त्यामुळे शास्त्रज्ञांनी एवढ्यावर समाधान मानलं नाही. केनियात एका डोसाचाच रीतसर अभ्यास झाला आणि त्याचंही उत्तर तेच आलं. एप्रिल २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने एक डोस पुरेसा ठरू शकतो असं सांगितलं. ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटनने २०२३ साली मुलींना एकच डोस द्यायला सुरुवात केली. तीन डोसांच्या पैशांत आता तीन मुलींना लस मिळते. पुण्या-बार्शीच्या आणि इतर सात ठिकाणच्या मुलींमुळे जगातल्या गरीब देशांचा लसीकरणाचा खर्च असा खाली आला.

एक डोस पुरतो तरी का? लशीत खरा विषाणू नसतोच. विषाणूच्या कवचातलं एल-१ नावाचं एक प्रथिन तेवढं घेतात. त्याचं जनुक यीस्टच्या पेशीत घातलं की यीस्ट ते प्रथिन बनवत राहतं. मग ही प्रथिनं कुणीही जुळवणी न करता आपली आपणच एकत्र येतात. पाच-पाच रेणूंचे ७२ गट जमतात आणि ३६० रेणूंचा, हुबेहूब विषाणूसारखा दिसणारा गोल तयार होतो. आतून तो पूर्ण रिकामा असतो. जनुकं नाहीत, त्यामुळे संसर्गाचा प्रश्नच नाही. परंतु एकच आकार इतक्या दाटीने आणि इतक्या नेमक्या अंतराने मांडलेला दिसला, की शरीराची संरक्षणयंत्रणा तो विषाणूच समजते आणि वर्षानुवर्षं प्रतिपिंड बनवत राहणाऱ्या पेशी तयार करून ठेवते. संशोधकांना सर्वाधिक पटणारं स्पष्टीकरण हे आहे. हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटने 'सर्व्हावॅक' ही भारतीय लस याच पद्धतीने यीस्टमध्ये बनवली. देशातल्या १२ केंद्रांवर २,३०७ जणांवर तिचा अभ्यास झाला आणि जुलै २०२२ मध्ये तिला परवानगी मिळाली.

आता पैशांकडे येऊ. भारतातल्या या अभ्यासाला पैसे दिले ते अमेरिकेतल्या गेट्स फाउंडेशनने, जागतिक आरोग्य संघटनेच्या फ्रान्समधल्या कर्करोग संशोधन संस्थेमार्फत. लस बनवणाऱ्या कंपनीला हा प्रश्न विचारण्याचं कारणच नव्हतं. तीनऐवजी एक डोस पुरतो हे सिद्ध करायला कुठली कंपनी स्वतःच्या खिशातून पैसे घालेल? त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. कंपनीचं काम माल विकण्याचं आहे. पण त्यामुळे कर्करोगातले काही अत्यंत महत्त्वाचे प्रश्न बाजारात बेवारस पडून राहतात. औषध कमी दिलं तर चालेल का? पेटंट संपलेल्या स्वस्त औषधाचा उपयोग होईल का? शस्त्रक्रियेची पद्धत थोडी बदलली तर? तपासणी डॉक्टरऐवजी गावातली आरोग्यसेविका करू शकेल का? या प्रश्नांच्या उत्तरातून कुणालाही नफा होत नाही. अशा प्रश्नांना फक्त दोनच धनी मिळतात, सरकार आणि दानशूर माणसं.

तोंडाच्या कर्करोगाचं उदाहरण घ्या. तंबाखू, गुटखा आणि मिश्री यांनी महाराष्ट्राला दिलेला हा रोग. गाठ लहान असताना फक्त तोंडातली गाठ काढायची, की मानेतल्या लसिका ग्रंथीही त्याच वेळी काढायच्या, यावर सर्जन मंडळींचा वाद जवळजवळ पन्नास वर्षं चालला होता. मान उघडली की खांद्याला त्रास होतो. नाही उघडली तर रोग तिथे लपून राहण्याची भीती. मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये डॉ. अनिल डिक्रुझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ ते २०१४ या काळात ५९६ रुग्णांना या अभ्यासात घेतलं. त्यांतल्या पहिल्या ५०० जणांचा हिशेब २०१५ साली प्रसिद्ध झाला. आधीच ग्रंथी काढलेल्यांपैकी तीन वर्षांनी ८० टक्के हयात होते, नंतर गरज पडली तर काढू असं ठरवलेल्यांपैकी ६७.५ टक्के. वाद मिटला. यात कुठलंही औषध नव्हतं, यंत्र नव्हतं, विकण्यासारखं काहीच नव्हतं.

याच रुग्णालयाचे डॉ. राजेंद्र बडवे यांनी तर स्तनाच्या कर्करोगात आणखी साधी गोष्ट करून पाहिली. दातांच्या दवाखान्यात हिरडी बधिर करायला जे लिडोकेन टोचतात, तेच शस्त्रक्रियेच्या काही मिनिटं आधी गाठीभोवती टोचायचं. गाठ हलवताना कर्करोगाच्या पेशी इतरत्र पसरण्याची जी प्रक्रिया सुरू होऊ शकते, तिला यामुळे आळा बसेल, असा कयास होता. देशातल्या ११ केंद्रांवर १,५८३ स्त्रिया या अभ्यासात आल्या. पाच वर्षांनी इंजेक्शन न दिलेल्या गटातल्या ८६.४ टक्के स्त्रिया हयात होत्या, इंजेक्शन दिलेल्या गटातल्या ९०.१ टक्के. दर शंभर स्त्रियांमागे जवळजवळ चार जास्त, आणि खर्च शंभर रुपयांच्या आसपास. ही चाचणी सरकारी पैशावर झाली. डोक्याच्या आणि मानेच्या वाढलेल्या कर्करोगात निव्होलुमॅब हे लाखमोलाचं औषध नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी, म्हणजे तीन आठवड्यांतून एकदा फक्त २० मिलिग्रॅम, दिलं तर काय होतं हेही टाटामध्येच तपासलं गेलं. एका वर्षानंतर हयात असलेल्यांचं प्रमाण हे औषध न मिळालेल्या गटात १६.३ टक्के होतं, मिळालेल्या गटात ४३.४ टक्के. पूर्ण मात्रेचा खर्च पेलू न शकणाऱ्या घरांसाठी या आकड्याचा अर्थ काय होतो, हे वेगळं सांगायला नको.

पण असं काही सिद्ध करायला इतके रुग्ण आणि इतकी वर्षं का लागतात? एखाद्या डॉक्टरने दहा जणांना औषध दिलं आणि आठ बरे झाले, तर तेवढं पुरत नाही का? नाही, कारण ते आठ जण औषध न देताही बरे झाले असते का, हे आपल्याला कळायला मार्ग नसतो. म्हणून रुग्णांचे दोन गट करतात. कुणी कुठल्या गटात जायचं हे डॉक्टर ठरवत नाही, रुग्ण ठरवत नाही, नातेवाईकही ठरवत नाहीत. संगणक ठरवतो, नाणेफेक केल्यासारखा. तरुण, म्हातारे, श्रीमंत, गरीब, मधुमेह असलेले आणि नसलेले असे सगळे मग दोन्ही गटांत आपसूक सारखे विभागले जातात. हजार-दीड हजार माणसं घेतली की दोन्ही गटांत फरक उरतो तो फक्त उपचाराचा. वैद्यकशास्त्राने शोधलेल्या अनेक औषधांहून ही युक्ती मला मोठी वाटते. डॉक्टरच्या अनुभवाला, रुग्णाच्या आशेला आणि कंपनीच्या जाहिरातीला एकदम बाजूला सारून निसर्गालाच उत्तर द्यायला लावणारी दुसरी रीत माणसाला अजून सापडलेली नाही.

आणि या रीतीचा मोठा खर्च औषधावर होतो असं नाही. खर्च होतो माणसांवर आणि काळावर. रुग्णाला समजेल अशा मराठीत संमतीपत्र लिहायचं, वाचून दाखवायचं, त्याच्या शंकांना उत्तरं द्यायची. रक्ताचे आणि पेशींचे नमुने उणे ८० अंशांवर ठेवायचे, आणि वीज गेली तर जनरेटर चालू होतोय ना हे मध्यरात्रीही पाहायचं. पुढच्या तारखेला न आलेल्या माणसाला फोन करायचा, फोन लागला नाही तर घरी जायचं. रुग्ण बरा असेल तर तो येत नाही, गेला असेल तरी येत नाही, आणि हिशेबात या दोन गोष्टींमध्ये जमीन-अस्मानाचा फरक. फॉलोअप सुटला की अख्ख्या अभ्यासाची किंमत कमी होते. म्हणून एखादी संस्था संशोधनासाठी देणगी मागते तेव्हा ती पुष्कळदा एका डेटा एन्ट्री करणाऱ्या मुलीचा पगार, एका समाजसेविकेचा एसटीचा पास आणि एका फ्रीजरचं वीजबिल मागत असते. फोटोत दाखवण्यासारखं त्यात काही नसतं, आणि पैसे जमायला अडचण येते ती इथेच.

हे सगळं मोठ्या शहरातच होऊ शकतं, असा समज असेल तर बार्शीला जाऊन यावं. तिथे डॉ. भगवान नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रामीण भागातल्या कर्करोगासाठी 'अश्विनी' ही संस्था उभी केली. तिच्या पूर्ण नावातच संशोधन आणि मदत हे दोन्ही शब्द आहेत. तिचंच नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल. भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ साली इथे, टाटा मेमोरियलच्या डॉ. कस्तुरी जयंत यांच्या पुढाकाराने, सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतली ३४६ गावं तिच्यात होती. गावातली माणसं दवाखान्यात येत नाहीत, म्हणून नोंदणी करणारेच गावात जायला लागले. सरपंच, शिक्षक, बचत करणाऱ्या बाया, सगळ्यांशी बोलायचं, पांढरं जाणं, अंगावरून अवेळी रक्त जाणं याला लाजू नका, लपवू नका, असं सांगायचं. नुसत्या या बोलण्याने, कुठलीही नवी यंत्रसामग्री नसताना, रोग लवकरच्या टप्प्यात असताना येणाऱ्या बायकांचं प्रमाण वाढलं. हे निरीक्षण परदेशी नियतकालिकांत छापून आलं.

त्या पायावर पुढचा अभ्यास उभा राहिला आणि जगाने त्याची दखल घेतली. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या गावांचे ५२ समूह केले. तीस ते एकोणसाठ वर्षांच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया त्यात घेतल्या. काही समूहांत विषाणूची तपासणी केली, काहींत पेशींची, काहींत नुसतं व्हिनेगर लावून डोळ्यांनी पाहिलं, आणि उरलेल्यांत नेहमीचीच आरोग्यसेवा चालू ठेवली. आठ वर्षांनी हिशेब मांडला. नेहमीच्या सेवेच्या गटातल्या ३१,४८८ स्त्रियांपैकी ६४ जणी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने दगावल्या होत्या. विषाणूची फक्त एकदा तपासणी केलेल्या ३४,१२६ स्त्रियांपैकी ३४. आयुष्यात एकदाच केलेल्या तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. एप्रिल २००९ मध्ये हे 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आलं आणि गर्भाशयमुखाच्या तपासणीत विषाणूच्या चाचणीला अग्रस्थान देताना जगभर या अभ्यासाचा आधार घेतला गेला.

त्या ६४ जणींना विसरून पुढे जाता येत नाही. तपासणी उपयोगी पडू शकते हे ठाऊक असताना एका गटाला ती न देणं योग्य होतं का, यावर परदेशात आणि आपल्याकडेही कडक टीका झाली. अभ्यास करणाऱ्यांचं म्हणणं असं, की त्या काळी त्या जिल्ह्यात कुणालाच तपासणी मिळत नव्हती आणि कुठली पद्धत इथे चालेल हे कुणालाच माहीत नव्हतं. मला दोन्ही बाजूंत तथ्य दिसतं. पण एक गोष्ट नक्की: नैतिकता समितीत शास्त्रज्ञांबरोबर कायदेतज्ज्ञ आणि सर्वसामान्य नागरिक बसायला हवेत, हा नियम अशा प्रश्नांसाठीच आहे. आज भारतात तो कायद्याने बंधनकारक आहे आणि चाचणीमुळे सहभागी माणसाला इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई द्यावी लागते. संशोधनाला पैसे देणाऱ्याने या समितीबद्दल चौकशी करणं हा आगाऊपणा नव्हे, ते त्याचं कर्तव्य आहे.

दुःखातून संशोधनाला दान देण्याची वाट आपल्याकडे नवी नाही. मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. पुढच्याच वर्षी, स्वतःच्या मृत्यूच्या दोन महिने आधी, त्यांचे पती सर दोराबजी टाटा यांनी लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट स्थापन केला आणि त्याचा मोठा हिस्सा रक्ताच्या कर्करोगावर जगात कुठेही चालणाऱ्या संशोधनासाठी राखून ठेवला. त्यांच्या दानातून उभ्या राहिलेल्या ट्रस्टने १९४१ साली परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल उघडलं. वर सांगितलेल्या टाटा मेमोरियलमधल्या चाचण्यांमागे ती दृष्टी आहे.

पण धनवंतांच्या दानाइतकीच, माझ्या मते त्याहूनही विलक्षण, दुसरी वाट आहे, आणि ती पुण्याला चांगली ठाऊक आहे. अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून वर्षाला एकेक पैसा मागितला, लोकमान्य टिळकांनी त्या कल्पनेला पाठबळ दिलं, आणि त्या पैसाफंडातून १९०८ साली तळेगाव दाभाड्याला काच कारखाना उभा राहिला, जिथे तरुणांना काचेचं काम शिकवलं गेलं. सत्तरेक वर्षांनी, याची काही कल्पना नसताना, कॅनडातल्या टेरी फॉक्स नावाच्या मुलाने तीच मागणी केली. हाडाच्या कर्करोगात त्याचा उजवा पाय गेला होता. १२ एप्रिल १९८० रोजी कृत्रिम पाय लावून तो देशाच्या एका टोकाकडून पळायला निघाला आणि कर्करोगाच्या संशोधनासाठी प्रत्येक कॅनडावासीयाकडून एक डॉलर मागितला. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावल्यावर रोग फुप्फुसांत पसरल्याचं कळलं आणि तो थांबला. पुढच्या फेब्रुवारीपर्यंत २.४१ कोटींहून जास्त डॉलर जमले, म्हणजे माणशी एकाच्या हिशेबाने देशाने त्याचं मागणं पुरं केलं. जून १९८१ मध्ये तो गेला, तेव्हा बावीस वर्षांचा होता. त्याच्या नावाची दौड पुढे मुंबईतही होऊ लागली आणि तिचे पैसे टाटा मेमोरियलमधल्या संशोधनाला मिळाले.

ब्रिटनमध्ये तर हे अंगवळणीच पडलं आहे. 'कॅन्सर रिसर्च यूके' ही संस्था मुख्यतः लोकांच्या देणग्यांवर चालते. गावोगावी तिची जुने कपडे आणि पुस्तकं विकणारी शेकडो दुकानं आहेत. शेजारपाजारचे लोक त्यांत फावल्या वेळात काम करतात. अशा पैशातून २०१५ साली अ‍ॅस्पिरिनची एक चाचणी सुरू झाली. स्तन, मोठं आतडं, जठर-अन्ननलिका आणि प्रोस्टेट यांच्या कर्करोगाचे सुरुवातीचे उपचार झाल्यावर पाच वर्षं रोज अ‍ॅस्पिरिन घेतलं तर रोग उलटण्याचं प्रमाण घटतं का, हे अकरा हजार रुग्णांमध्ये पाहण्याचा तिचा संकल्प. भारतातली रुग्णालयंही तिच्यात आहेत आणि इथल्या कामाला सर दोराबजी टाटा ट्रस्टने हातभार लावला. अ‍ॅस्पिरिनवर आज कुणाचीही मक्तेदारी नाही. इंग्लंडमधल्या एखाद्या आजीने विकलेला जुना कोट आणि मेहेरबाईंच्या पतीने मागे ठेवलेलं धन, असे एकाच प्रश्नाला येऊन मिळाले आहेत.

पुण्यात दानत कमी नाही. गणेश मंडळं वर्गणीतून रुग्णांना मदत करतात. कर्करोगाच्या जागृतीसाठी गुलाबी टी-शर्ट घालून हजारो बायका पहाटे धावतात. वारज्याला सिप्लाच्या फाउंडेशनचं केंद्र १९९७ पासून शेवटच्या टप्प्यातल्या कर्करुग्णांची मोफत शुश्रूषा करतं. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी ठेवाव्या लागतात. हे सगळं हवंच, आणि उपचाराच्या मदतीतला एक रुपयाही कमी व्हावा असं मी म्हणणार नाही. समोर बसलेल्या बाईच्या केमोचे पैसे भरले की तिचा चेहरा दिसतो. संशोधनाला दिलेल्या पैशाचा चेहरा दिसत नाही, कारण ज्या बाईला त्याचा उपयोग होणार आहे ती कदाचित अजून जन्मालाही आलेली नाही.

तरीही कामाला सुरुवात झाली आहे. स्तनाच्या कर्करोगाचे सर्जन डॉ. चैतन्यानंद कोप्पीकर यांनी सुरू केलेली प्रशांति कॅन्सर केअर मिशन ही पुण्यातली धर्मादाय संस्था आणि पाषाणची आयसर ही विज्ञान संस्था, या दोघांनी मिळून कर्करोग संशोधनाचं एक केंद्र उभं केलं आहे. त्याचा कणा म्हणजे बायोबँक. शस्त्रक्रियेत काढलेली गाठ तपासणीसाठी पॅथॉलॉजिस्टकडे जाते. एरवी तिच्या उरलेल्या भागाचं पुढे काही होत नाही. बायोबँकेत, रुग्णाने लेखी परवानगी दिली असेल तर, त्या उरलेल्या भागाचा छोटा तुकडा आणि थोडं रक्त गोठवून ठेवतात, नाव झाकून, संकेतांक देऊन. त्याला जोडून त्या स्त्रीचं वय, उपचार, पुढे रोग उलटला की नाही, याची नोंद वर्षानुवर्षं भरत जातात. आपल्याकडे स्तनाचा कर्करोग पाश्चात्य देशांतल्यापेक्षा साधारण दहा वर्षं आधी गाठतो, आणि 'ट्रिपल निगेटिव्ह' नावाचा चिवट प्रकार, ज्यावर संप्रेरकांची औषधं चालत नाहीत, तोही आपल्याकडे अधिक आढळतो. असं का, याचं उत्तर बोस्टनच्या फ्रीजरमध्ये सापडणार नाही. ते पुण्यातल्या, सोलापुरातल्या, साताऱ्यातल्या बायकांच्या गाठींतच शोधावं लागेल.

म्हणून वाचकहो, एक विनंती. पुढच्या वेळी एखाद्या रुग्णालयाच्या ट्रस्टला किंवा कर्करोगावर काम करणाऱ्या संस्थेला देणगी द्याल, तेव्हा संशोधनाचं वेगळं खातं आहे का, हे जरूर विचारा. चाचणीसाठी पैसे मागत असतील तर क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियाचा नोंदणी क्रमांक मागून घ्या. ही नोंदणी २००९ पासून सक्तीची आहे आणि कुणालाही घरबसल्या पाहता येते: कोणता प्रश्न, किती रुग्ण, पैसे कुणाचे, नैतिकता समिती कोणती. उत्तर 'नाही' आलं तरी छापणार का, हेही विचारा. जो हो म्हणेल त्याचंच काम खरं. क्रमांक न देता खात्रीचा इलाज मिळाल्याचं जो सांगेल, त्याला एक पैसाही देऊ नका. आणि घरात कुणाची शस्त्रक्रिया ठरली असेल आणि उरलेला नमुना संशोधनासाठी ठेवू का असं डॉक्टरांनी विचारलं, तर कागद नीट वाचा, शंका विचारा, आणि पटलं तर सही करा. त्या देणगीला पैसे लागत नाहीत.